जळणे हा माझा धंदा

मित्रांनो, मी एक जुना टेस्ट लॅम्प आहे आणि मी जळतो. दिवा आहे म्हणून जळतो आणि स्वभावच तसा आहे म्हणूनही जळतो. पहिल्या जळण्याचे गॅरेजात पुष्कळ कौतुक झाले. दुसरे मी कुणाला दिसू दिले नाही. पण आता वय झाले, लपवून तरी करायचे काय, म्हणून दोन्हींची हकीकत तुम्हांला सांगतो.

माझे रूप फारसे सांगण्यासारखे नाही. एका फुटक्या मागच्या दिव्यातून काढलेला होल्डर, त्यात छोटासा बल्ब आणि होल्डरमधून निघालेल्या दोन लांब वायरी. एक वायर काळी. दुसरी मूळची लाल, पण तेलाच्या हातांनी तीही काळीच झाली आहे. एकीच्या टोकाला दातेरी चिमटा आहे. दुसरीच्या टोकाला सायकलच्या चाकातल्या आरीला धार लावून केलेली सुई आहे आणि तिला संपलेल्या पेनाची मूठ आहे. माझा बल्ब आजवर अकरा वेळा बदलला, चिमटा तीनदा बदलला. तरी मी तोच आहे. तुमचेही दुधाचे दात पडलेच की, म्हणून तुम्ही कुणी दुसरे झालात का?

माझे काम सोपे. चिमटा गाडीच्या लोखंडी अंगाला लावायचा आणि सुई वायरीला टेकवायची. वायरीत करंट असेल तर मी जळतो, नसेल तर जळत नाही. गाडीच्या त्या लोखंडी अंगाला आमच्या गॅरेजात 'अर्थ' म्हणतात. करंट कुठूनही निघाला तरी शेवटी त्याला अर्थाकडेच जायचे असते. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला घडवले ते गॅरेजच्या मालकांनी. बॅटरी, सेल्फ, डायनामो, हॉर्न, जे जे विजेचे ते त्यांच्याकडे. सगळे त्यांना करंटकाका म्हणत. त्यांच्या आईला हे नाव मुळीच आवडत नसे. "माझ्या पोराला करंटा म्हणतात मेले," असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. मालक मात्र हसून ओ देत.

ज्या आठवड्यात मी तयार झालो त्याच आठवड्यात मालकांना मुलगी झाली. आता बघा. तिकडे घरी तिला बघायला माणसांची रीघ लागली होती. कुणी टोपडे आणतोय, कुणी खुळखुळा आणतोय. इकडे मला बघायला शेजारचा पंक्चरवाला तेवढा आला आणि तोही पाना मागायला. मालक दुपारीच गॅरेज बंद करून घरी पळायचे. मी खिळ्यावर लटकून बंद शटरकडे बघत बसायचो. जळण्याला माझी सुरुवात झाली ती अशी, जन्मापासून.

पण त्या मुलीवर मला फार दिवस जळता आले नाही. ती चालायला लागली तशी गॅरेजात यायला लागली आणि सगळी चकचकीत हत्यारे सोडून नेमके मलाच धरू लागली. मालक तिला मोडक्या बॅटरीजवळ बसवत. ती चिमटा लावायची, सुई टेकवायची आणि ओरडायची, "बाबा, जळाला." मग सुई काढायची. "बाबा, विझला." असे शंभर वेळा. मला कंटाळा आला असेल असे तुम्हांला वाटेल. मित्रांनो, तेवढे लाड माझे पुन्हा कुणी केले नाहीत. तिला मी ताई म्हणू लागलो.

मालकांचे एक वाक्य ठरलेले होते. गाडी कसलीही येवो, ते म्हणायचे, "आधी अर्थ बघ, मग बाकीचं बोल." बॅटरीहून अर्थाला जाणारी काळी वायर सैल असेल, गंजली असेल, तर पुढची सगळी तपासणी फुकट जाते. ताईने हे वाक्य इतके मनावर घेतले की दुसरीत असताना तिने एक गंमत केली. परीक्षेत प्रश्न आला, पुढील शब्दांचे अर्थ लिहा. पहिला शब्द होता नौका. ताईने लिहिले, 'नौकेला अर्थ नाही, ती लाकडाची असते.' दुसरा शब्द खड्ग. 'आख्खे लोखंडाचे आहे, कुठेही अर्थ मिळेल.' तिसरा गगन. 'गगन वर आहे, अर्थ खाली असतो.' बाईंनी मालकांना शाळेत बोलावून घेतले. मालकांनी पेपर वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बाई, तिन्ही उत्तरं बरोबर आहेत." तो पेपर अजून बॅटरीच्या कपाटाला आतून चिकटवलेला आहे.

ती माझी ऐन उमेदीची वर्षे. दूधवाल्याचा टेम्पो भर रस्त्यात बंद पडला, तेव्हा मालक मला गळ्यात अडकवून धावले होते. मी तिथल्या तिथे तुटकी वायर दाखवली आणि दूध नासायच्या आत पोचले. दूधवाला म्हणाला, "काका, तुमचे उपकार." मालकांनी मला वर धरून सांगितले, "माझे कसले, याचे." मी त्या दिवशी उगाचच दोनदा जास्त जळलो.

मग तो आला.

ताईने गाड्यांच्या विजेचा दोन वर्षांचा कोर्स केला, पहिल्या वर्गात पास झाली आणि परत येताना सोबत करंट मोजायचा एक मीटर घेऊन आली. पिवळा धमक, अंगाला रबरी कवच, पोटावर काचेची खिडकी आणि खिडकीत आकडे. मी फक्त हो किंवा नाही म्हणतो, तो बारा पूर्णांक सहा म्हणतो. मला खिळा आणि त्याला चेन लावलेली मऊ पिशवी. रोज संध्याकाळी ताई त्याला कोरड्या फडक्याने पुसायची. माझी वायर एका जागी सोलली होती, तिला चिकटपट्टी लावायला मात्र कुणाला वेळ नव्हता.

आणि त्याला सेल लागतो. ज्याला स्वतःलाच उठून बसायला सेल लागतो तो दुसऱ्याच्या बॅटरीची नाडी काय बघणार, असे मी समोरच्या हातोडीला बोलूनही दाखवले. हातोडी म्हणाली, नव्याचे नऊ दिवस. मी नऊ दिवस मोजले. मग नऊ महिने मोजले. मग ताईने गॅरेज आवरायला काढले आणि माझा खिळा मीटरच्या पिशवीला दिला. मी गेलो मागच्या भिंतीवर, जुन्या फॅनबेल्टच्या जुडग्यामागे. तिथे कोळ्याने माझ्या चिमट्यापासून बेल्टपर्यंत जाळे विणले. त्याची तक्रार नाही. निदान त्याला तरी माझा उपयोग होता.

बेल्टच्या फटीतून मला तो पिवळा दिसायचा आणि माझ्या पोटात दुखायचे. त्याने एकदा तरी चुकावे, एकदा तरी तोंडावर पडावे, एवढेच मी मागत होतो. मित्रांनो, असे काही मागताना फार सांभाळावे. मिळते ते.

झाले असे की मालकांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी सांगितले, महिनाभर धूळ नको, वाकायचे नाही, गॅरेजची पायरी चढायची नाही. त्यामुळे सगळे ताईवर आले. काम तिला येत होते. पण गिऱ्हाईक यायचे, आत डोकवायचे आणि विचारायचे, "काका कुठेत?" ताई म्हणायची, "मी आहे ना." मग गिऱ्हाईक हसायचे. "असू दे, काही घाई नाही. काका आले की येतो," म्हणून गाडी वळवायचे. असे पहिल्या आठवड्यात सात जण परत गेले. ताई मीटर पिशवीत ठेवताना चेन जरा जोरात ओढायची.

सोमवारी नर्सबाई आल्या. पन्नाशीच्या, बांधा लहान, आवाज मोठा. त्या घरोघरी जाऊन रोग्यांच्या जखमा बांधतात, इंजेक्शने देतात. त्यांची गाडी ताईएवढ्याच वयाची असेल. त्यांनीही विचारले, "काका कुठेत?"

"मी आहे ना," ताई म्हणाली.

"आहेस ना? मग बघ. मला काय, गाडी चालू झाल्याशी कारण." आणि बाईंनी किल्ली तिच्या हातात दिली. त्या महिन्यातली ती पहिली किल्ली.

दुखणे असे होते. मध्यंतरी गाडीचा डायनामो गेला. बाईंनी तो दुसरीकडे भरून घेतला, म्हणजे आतली तांब्याची तार नवी गुंडाळून घेतली. तेव्हापासून गाडी दिवसभर छान चालायची आणि सकाळी उठत नसे. रात्रीतून बॅटरी रिकामी. बॅटरी बदलून झाली, तरी तेच. रोज सकाळी सात वाजता त्यांना एका आजोबांच्या पायाची जखम बांधायला जावे लागे आणि रोज सकाळी गाडी ढकलायला माणसे शोधावी लागत.

ताईने बॉनेट उघडले. मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीत हवा तेवढा करंट भरला जात होता. मग इंजिन बंद केले, दारे लावली, बॅटरीची काळी वायर सोडवून मध्ये मीटर जोडला. गाडी झोपलेली असताना कुणी चोरून करंट खाते आहे का, ते असे बघतात. मीटर म्हणाला, शून्य. ताईने टोके घासून घट्ट बसवली आणि बाईंना सांगितले, "मावशी, आता काही होणार नाही. माझा शब्द."

मंगळवारी अकराच्या सुमाराला बाई चालत आल्या. गाडी घरीच मेलेली. बुधवारी पुन्हा सगळी तपासणी झाली आणि मीटर पुन्हा म्हणाला, शून्य. ताईने पुन्हा शब्द दिला. गुरुवारी बाई पुन्हा चालत आल्या.

खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला. माझ्या कोळ्यालाही कळले असेल, एवढा मी हललो. दोनदा तोंडावर पडला पिवळा. मला वाटले, आता ताई मागे वळेल, बेल्ट बाजूला सारेल आणि म्हणेल, चल बाबा, तुझ्याशिवाय कुणाला जमायचे नाही.

ताई मागे वळली नाही. ती पायरीवर बसली. बाई तिच्यावर रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तुझा दोष नाही गं. गाडीचंच वय झालं. आज आजोबा सातपासून पाय उशीवर ठेवून बसले होते. मी पोचले साडेदहाला. रस्त्याला डोळे लावून बसले होते बिचारे."

"मावशी, अजून एक दिवस द्या."

"घे की. उद्याचा दिवस घे. परवा शनिवारी सकाळी भंगारवाला येतो म्हणालाय. गाडी गेली की मला दवाखान्यात बसून कागद लिहायचं काम देतील. ज्याच्याकडे गाडी त्यालाच घरोघरी पाठवतात. आजोबांकडे कोण जाईल ते मात्र अजून कुणी सांगत नाही." एवढे बोलून त्या चालत गेल्या. ताई तशीच बसून राहिली. मग तिने सातवीतल्या पोरीसारखे बाहीने नाक पुसले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मागितले होते मीटरचे पडणे. पडली होती ताई.

शुक्रवारी सकाळी मालक आले. डोळ्यांवर काळाशार चष्मा, नाकातोंडावर रुमाल. आत यायची बंदी, म्हणून पंक्चरवाल्याचे स्टूल मागून ते पायरीच्या बाहेर बसले. ताईने गाडी ढकलून आणवली होती, बॅटरी भरून घेतली होती. तिने मीटर जोडला. शून्य.

"दिवा लाव की," मालक म्हणाले.

"बाबा, मीटर शून्य म्हणतोय. दिवा काय वेगळं सांगणार?"

"काही नाही सांगणार. पण मला इथून ते आकडे दिसत नाहीत, दिवा दिसतो. मला बघायला मिळेल म्हणून लाव."

ताई माझ्याकडे आली. जाळे तुटले, कोळी बेल्टवर पळाला. तिने माझी काच ओढणीने पुसली. कित्येक वर्षांनी तिचा हात लागला, तर मला काय वाटले ते विचारू नका. बॅटरीची सुटी केलेली काळी वायर होती, तिच्यावर तिने माझी सुई घट्ट बांधली आणि चिमटा बॅटरीच्या टोकाला लावला. आता कुठेही करंट गळत असेल तर तो माझ्यातूनच जाणार. मी अंगातली सगळी ताकद एकवटली. मीटर मडगार्डवर बसून बघत होता. मनात म्हटले, बघ आता.

मी जळलो नाही.

पुन्हा चिमटा हलवून बघितला, पुन्हा नाही. मालकांनी मान हलवली. "नाही जळत." मीटर जे बोलला तेच मीही बोललो होतो. इतकी वर्षे मी त्याच्यावर जळलो आणि जळून दाखवायची वेळ आली तेव्हा थंड बसलो. शरमेने काळा पडलो असतो, पण काच आधीच काळवंडलेली होती.

तेवढ्यात बाहेर वावटळ उठली. रस्त्यावरचा पाला, कागद, माती असे गोल गोल फिरत गॅरेजकडे येऊ लागले. ताई ओरडली, "बाबा, डोळे." तिने एका हाताने मीटर उचलून पिशवीत टाकला, दुसऱ्या हाताने बॉनेट धाडकन खाली ओढले आणि मालकांना धरून शेजारी पंक्चरवाल्याच्या खोलीत नेले. मी आतच राहिलो. मीटरला पिशवी आणि मला अंधार. मी जळायचीच तयारी केली होती.

आणि मी जळलो. म्हणजे खरोखर जळलो. बॉनेट बसले त्याच क्षणी माझ्यातून करंट धावला आणि सगळा अंधार पिवळा झाला. रेडिएटर, बॅटरी, गंजलेले स्क्रू, सगळे मला दिसत होते. चोर इथेच होता. मी सांगत होतो, जिवाच्या आकांताने सांगत होतो आणि बघायला कुणी नव्हते. आयुष्यभर माणसांच्या डोळ्यांसमोर जळलो. खरे जळायची वेळ आली ती बंद पेटीत. वावटळ गेली. पण मालकांना तिथेच डबा उघडून देऊन, त्यांच्या डोळ्यांत औषध घालून मगच ताई परत आली. अर्धा तास तरी गेला असेल. तोवर माझी काच तापून निघाली होती.

पावले वाजली. मी म्हटले, आता दिसेन. ताईने बॉनेट उचलले आणि मी विझलो.

मित्रांनो, याहून वाईट नशीब कुणाच्या वाट्याला येऊ नये. तिला दिसला तो तोच जुना थंड दिवा. तिने सुस्कारा सोडला. मला सोडवून परत बेल्टमागे टांगायचे म्हणून तिने माझा बल्ब मुठीत धरला.

"आई गं." तिने हात झटकला. बोटाला चटका बसला होता. बोट तोंडात घालून ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग तिने हळूच, कपाळाला हात लावून ताप बघतात तसा, माझ्या काचेला हात लावला.

"बाबा," ती जोरात म्हणाली, "दिवा गरम आहे."

मालक पायरीपर्यंत आले. "न जळता गरम कसा होईल?"

"तेच तर म्हणतेय. मी नव्हते तेव्हा हा जळत होता."

तिने माझी लांब वायर बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली, मला वायपरवर ठेवले आणि बॉनेट लावले. मी जळलो. तिने बॉनेट उचलले. मी विझलो. लावले, जळलो. उचलले, विझलो. लहानपणी बॅटरीजवळ बसून खेळायची तसे तिने शंभर वेळा नाही, पण दहा वेळा तरी केले. मालक काळ्या चष्म्यातून हसत होते. "घरी रोज बॉनेट बंदच असतं," ते म्हणाले. "आणि आपण आठवडाभर उघडून बघतोय. काखेत कळसा अन् गावाला वळसा."

मग शोधायला काय उरले होते? बॉनेट बसते त्या कडेला रबराचे दोन ठोकळे असतात. त्यांतला एक गळून गेला होता. डायनामो भरणाऱ्याने वायरींचा जुडगा पूर्वीपेक्षा दोन बोटे वर बांधला होता. बॉनेट लावले की त्याची कड जुडग्यावर बसायची आणि बॅटरीकडून चार्जिंगच्या डबीकडे, म्हणजे बॅटरी किती भरायची ते ठरवणाऱ्या डबीकडे, जाणारी वायर गंजक्या पट्टीवर दाबली जायची. वरचे आवरण झिजून तांबे उघडे पडले होते. मध्ये गंजाचा पापुद्रा होता, म्हणून भपकन पेटले नाही, रात्रभर थोडा थोडा करंट झिरपत राहिला. बॉनेट उचलले की वायर सुटायची आणि गाडी साळसूद.

ताईने ती वायर दोन बोटांत धरून वर केली. तांबे चमकले.

"काय झालंय?" मालकांनी बाहेरून विचारले.

"अर्थ लागला, बाबा."

गॅरेजात याचा अर्थ एकच. करंटाची वायर गाडीच्या अंगाला लागली. पण मालक जे हसायला लागले ते थांबेनात. डोळ्यांवर ताण नको म्हणून डॉक्टरांनी हसायलाही मनाई केली असती, पण त्यांना सुचले नसावे. "नौकेला नाही," ते म्हणाले, "पण या गाडीला लागला."

मीटरवर मी मनातल्या मनात ओरडायला निघालो होतो, पण जमले नाही. तो काही खोटे बोलला नव्हता. त्याला उघड्या बॉनेटचे विचारले, त्याने उघड्या बॉनेटचे सांगितले. मीही तेच सांगितले होते. फरक एवढाच की मला अंधारात विसरले गेले, आणि विसरलेल्याला चटका देता येतो.

संध्याकाळी पाचला नर्सबाई आल्या. तोवर ताईने वायर बदलून तिला नळी चढवली होती, जुडगा खाली बांधला होता आणि जुन्या टायरमधून रबराचा ठोकळा कापून बसवला होता. बाई म्हणाल्या, "शब्द नको देऊस हं. दोनदा घेतला." त्या हसून म्हणाल्या, पण ताईचा चेहरा उतरला.

"शब्द नाही देत. तुम्हीच बघा," ताई म्हणाली. तिने मला पुन्हा बांधले, वायपरवर ठेवले आणि बाईंना बॉनेट लावायला सांगितले. "मावशी, हा जळला तर गाडी भंगारात द्या. नाही जळला तर उद्या सातला आजोबांकडे जा."

बाईंनी दोन्ही हातांनी बॉनेट धरले. मालक स्टुलावरून पुढे झुकले. पंक्चरवालाही येऊन उभा राहिला. सगळे माझ्याकडे बघत होते. मीटरकडे एकही डोळा नव्हता. जन्मभर मी हाच क्षण मागत आलो होतो. आणि मित्रांनो, त्या क्षणी, आयुष्यात पहिल्यांदा, मला जळायचे नव्हते.

बॉनेट बसले.

बाईंनी वाकून माझ्या काचेत बघितले. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. त्यांनी बोट लावून बघितले. "गार आहे," त्या म्हणाल्या. "बिघडला नाही ना?"

"नाही," ताई म्हणाली आणि तिने मला हातात घेतले. "आता हा जळत नाही."

शनिवारी भंगारवाला हात हलवत परत गेला. साडेसातपर्यंत आजोबांचा पाय बांधून झाला होता, असे बाई सोमवारी सांगून गेल्या. त्यांच्यासोबत आणखी एक गिऱ्हाईक आले होते. त्याने काका कुठेत असे विचारले नाही.

तुम्हांलाही माझे एक सांगणे आहे. घरातली जुनी वस्तू चालेनाशी झाली की लगेच बाहेर काढू नका. तिला जरा हात लावून बघा. कुणाचे लक्ष नसताना ती तुमच्यासाठी जळत असेल. आणि नव्याला पुसायला फडके घ्याल, तेव्हा तेच फडके जुन्यावरून एकदा फिरवा. त्याला फार वेळ लागत नाही.

ताईने मीटरच्या खिळ्याशेजारी दुसरा खिळा ठोकून मला तिथे टांगले आहे. माझ्या सोललेल्या वायरीला चिकटपट्टीही लावली. मीटरला अजून मऊ पिशवी आहे आणि मला नाही. रोज संध्याकाळी चेनचा आवाज येतो आणि आत कुठेतरी तार तापायला लागते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटे नाही. पण मी स्वतःला आवरतो. ताईचे दोन शब्द त्या आठवड्यात खाली पडले होते. 'आता हा जळत नाही' असा माझ्याबद्दल तिने चार माणसांत जो शब्द दिला, तो मला पडू द्यायचा नाही.